लगद्यातले हात

३ जून

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो, हे वाचून बरं वाटलं. आडवळण न घेता सांगतो. मूल होत नाही म्हणून चार वर्षं आपण तुमच्या सुनेलाच डॉक्टरांकडे फिरवलं. तिच्यात काहीच दोष नाही. माझी तपासणी झाली, शुक्राणू फारच कमी आहेत. कारखान्यात प्लास्टिकचा लगदा हाताने कालवतो हे कळल्यावर डॉक्टर म्हणाले, प्लास्टिक मऊ करणारं तेल कातडीतून आत जाऊन हार्मोन बिघडवू शकतं. तेच कारण अशी खात्री देता येत नाही, पण आधी हात त्यातून बाहेर काढा.

लगद्यात कोपरापर्यंत उघडे हात घालून गुठळ्या शोधायच्या, ही तुमचीच शिकवण. कारखान्यात अजून तुमचं नाव घेऊन लोक हातमोजे भिरकावतात. १५ तारखेच्या कामगारांच्या सभेत माझी तपासणी सांगून ही पद्धत बंद करा म्हणायचं आहे. तुमच्या नावाला बट्टा लागेल. नको म्हणालात तर गप्प बसेन.

तुमचा,
धाकटा

८ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आधी रागच आला. तीस वर्षांची कारागिरी तू दोन ओळींत मोडीत काढलीस. पत्र तुझ्या आईपुढे टाकलं. मग तुझी आई म्हणाली, बायकोवरचा बोल चारचौघांत स्वतःवर घ्यायला छाती लागते, ती तुमच्यात तरी होती का. नव्हती, हे खरं.

गप्प बसू नकोस. माझ्या नावानिशी सांग, म्हातारा चुकला. सूनबाईंना मी नको ते बोललो आहे. माफीची ही ओळ त्यांना दाखव. तुझा अभिमान वाटतो. तोंडावर सांगायला मला जमलं नसतं.

तुझे,
बाबा

१८ जून

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

यांना लिहायचा कंटाळा, म्हणून मीच लिहिते. सभेत यांनी तपासणीतला आकडा सांगितला तेव्हा मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग यांनी तुमचं पत्र वाचून दाखवलं. तपासणी करून घेणाऱ्यांच्या यादीत यांच्याखाली नऊ जणांनी नावं घातली, त्यात तुमचा जुना जोडीदार पहिला. साहेबांनी लगदा ढवळायचं झाकणबंद यंत्र आणायचं कबूल केलं आहे, तोवर सगळ्यांना हातमोजे. गुठळ्या राहतात म्हणून तुमचा जोडीदार तुम्हाला शिव्या घालतो, पण मोजे घालूनच.

माफीची ओळ मी तीनदा वाचली. आता मनात काही नाही.

मूल होईल की नाही, ते डॉक्टरही सांगत नाहीत. झालं, तर यांच्यावर जावं.

यांच्यावर तुमची माया आहेच, थोडी माझ्याकडेही वळवावी.

तुमची,
सूनबाई