वन्सं, तुमची तपकिरी शाल

प्रिय वन्सं,

आज मंगळी आली होती, म्हणून लिहायला बसले. साखरशेतची मंगळी, आपल्याकडे लाकडाची मोळी आणते ती. तिची लेक बाळंत झाली, मुलगा झाला. मोळी उतरवून ती ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "बाय, टोपरा देस ना?"

टोपरं कशाचं देऊ? घरात जुनी लोकर एकच उरली आहे, तुमची तपकिरी शाल. तुम्ही गेल्यापासून ती तुमच्या खाटेवर आहे आणि तिच्यावर भुरी झोपते. "मांजर झोपलंय गं," एवढंच मी पुटपुटले. मंगळी हसली. निमित्त तिने ओळखलं असावं.

माझं या घरातलं पहिलं वर्ष आठवतं तुम्हाला? मुंबईहून पांढरीशुभ्र लोकर मागवून मी पाड्यांवरच्या तान्ह्या बाळांसाठी टोपरी विणली होती. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, द्यायचं तर नवं द्या, वापरलेलं देऊन कुणाचा अपमान करू नका. आणि मग भर थंडीत मंगळी हीच लेक पोटाशी धरून आली. बाळाचं डोकं उघडं! टोपरं कुठे म्हणून मी विचारलं.

"टांगून ठेवलाय. नवा नाय चालं, बाय. पयला जुना लागं, जुन्या मानसाचा." मग तुमच्या अंगावरच्या शालीकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्या आत्याबायचा चालं."

तुमचा तेव्हाचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. लहानपणीच कपाळ पांढरं झालेल्या तुम्ही. आपल्या घरच्या बारशाला माजघराच्या दाराआड उभ्या राहायच्या. पाळण्याला हात लावायला तुम्हाला कधी कुणी बोलावलं?

"अगं, मी विधवा आहे," तुम्ही हळूच म्हणालात.

"मंग? जगलीस ना इतकी?" मंगळी म्हणाली.

त्याच दुपारी तुम्ही ती शाल उसवायला घेतलीत. मी विणलेली शाल! मला वाईटही वाटलं नाही.

तीच मग आपली रीत झाली. नवी लोकर आली की मी तिची शाल विणायची, तुम्ही ती वर्षभर पांघरायची आणि मग उसवून तिची टोपरी. लोकर आधी तुमच्या अंगावर, मग लेकरांच्या डोक्यावर.

माझा संधिवात मध्ये नसता तर किती टोपरी झाली असती. इथल्या धुक्यात बोटं अशी आखडायची की सुया धरवत नसत. डॉक्टरांनी शेक सांगितला, आणि तुम्ही कुठूनशी पहिली भुरी आणून माझ्या मांडीवर ठेवलीत. "घ्या वहिनी, हिला निखारे लागत नाहीत." मला मांजरांची किळस होती, ठाऊक असूनही! पण तिच्या पोटाखाली हात घालायचे, ऊब आली की दोन ओळी विणायच्या, पुन्हा हात आत, हे जमून गेलं. आत्ताची भुरी तिची पणती. बोकाही तुम्हीच पाळलात आणि त्याला कारभारी म्हणू लागलात, कारण तो नेमका पान वाढल्यावर हजर व्हायचा. इथल्या संस्थानच्या खऱ्या कारभाऱ्यांनी ऐकलं असतं तर?

तुमच्यावर एक राग मात्र आहे. ही शेवटची शाल स्वतः उसवून का नाही गेलात? हे काम माझ्यावर का टाकलंत? तिला अजून तुमच्या वेखंडाचा वास येतो. ती उसवली की तुम्ही खरोखरच गेलात, असं होईल ना?

मंगळी उठली तेव्हा मी विचारलं, "ही शाल संपली की पुढे काय गं? आत्याबाई तर नाहीत."

तिने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, वाकड्या झालेल्या बोटांकडे पाहिलं. "तू हायेस ना. तू बी झालीस आता जुनी."

मी इतक्या जोरात हसले की आतल्या खाटेवरून भुरीने उडी मारली. शाल मोकळी झाली, वन्सं. आता कुठलं निमित्त सांगू?

उद्या उन्हात बसून उसवायला घेते. बोटं कुरकुर करतील, पण भुरी आहे. पहिलं टोपरं मंगळीच्या नातवाला. आणि तुम्ही पेटीत ठेवलेली निळी लोकर आहे ना, तिची शाल मी या वेळी माझ्यासाठी विणेन. पुढच्या थंडीपर्यंत अंगावरून उतरवणार नाही, तुमची शपथ.

तुमची,
जुनी झालेली वहिनी