बांधापलीकडचे विरजण

श्रीगुरूंना नमन करून मी, महालिंगप्पा शिवप्पा बिराजदार, वय एक्क्याऐंशी, राहणार बेंबळी, जिल्हा धाराशिव, पूर्ण शुद्धीत व स्वतःच्या मनाने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. कान मंद झाले आहेत. बुद्धीविषयी डॉक्टरांचा दाखला सोबत आहे.

१. राहते घर व माझ्या संस्कृत-कानडी पोथ्या मुलगा नंदीश यास. त्याने त्या वाचाव्यात. नुसती विभूती लावून ठेवू नयेत.

२. माझी दिवंगत पत्नी कमलबाई हिने माहेराहून आणलेले दह्याचे विरजण ही या घरातील सर्वांत जुनी जिवंत वस्तू होय. कमलबाई गेली तेव्हा घरात दूध तापले नाही आणि विरजण मेले. बांधाच्या भांडणामुळे वर्षानुवर्षे अबोला धरलेले शेजारी धोंडीबा सुरवसे तेव्हा वाटी घेऊन दारात आले. "घ्या आप्पा, तुमचंच हाय. वैनींनीच आमच्यात दिलं व्हतं. भांडण बांधाचं हाय, दह्याचं न्हाय." हे विरजण सून प्रीती हिने सांभाळावे व मागेल त्यास द्यावे. बांध मात्र माझाच होता, ही नोंद राहावी.

३. गावाच्या उगवतीचे, धोंडीबांच्या शेताला लागून असलेले माझे स्वकष्टार्जित शेत नात शिवांजली हिला. ती पुण्याच्या प्रयोगशाळेत जिवाणूंच्या पेशीतील जनुकांचा मजकूर नव्याने लिहून, पिकांच्या मुळांना हवेतला नत्र पुरवणारे जिवाणू घडवते. ते साधले तर युरियाने थकलेल्या आमच्या जमिनींना विसावा मिळेल. नंदीशचा यास विरोध आहे. "आप्पा, जीव घडवणं देवाचं काम. ही पोरगी शेतात काय सोडंल, कुणाला ठावं?" त्याची भीती मी हसण्यावारी नेत नाही. परंतु सृष्टीला हात लावण्यास मनाई मला शास्त्रांत आढळली नाही. हात लावून निघून जाण्यास आढळली. पूजेत देवतेचे आवाहन करणाऱ्यास विसर्जनही यावे लागते. आम्हा लिंगायतांच्या गळ्यातील इष्टलिंगास विसर्जन नाही, म्हणूनच ते मरेपर्यंत अंगावर वागवायचे.

मी तिला विचारले, "तू घडवलेला जीव बांधापलीकडं गेला, तर परत बोलावता येईल?"

"ठरावीक खुराक मिळाला नाही की तो मरावा, असं आम्ही त्याच्यातच लिहितोय, आप्पा. पण काही पिढ्यांनी तो बदलणारच नाही, असं मी आज शपथेवर सांगू शकत नाही."

ती नुसते हो म्हणाली असती, तर शेत नंदीशला गेले असते.

४. अट अशी की, सरकारी परवानगी आणि धोंडीबा किंवा त्यांच्या वारसांची संमती मिळेपर्यंत घडवलेला कोणताही जीव या शेतात आणू नये. त्यांना आपल्या भाषेत समजावावे. नुसती मान डोलावणे ही संमती नव्हे. ते उलट प्रश्न विचारू लागले म्हणजे कळले असे धरावे. तोवर ज्वारी पेरावी. सोडल्यानंतर त्या जिवाची राखण शिवांजलीने जन्मभर स्वतः करावी.

५. माझी समाधी त्याच शेतात, बांधालगत. इष्टलिंग तळहातावर देऊन मला बसवावे. म्हणजे पुढे त्या मातीत जे काही सोडले जाईल, ते आधी माझ्यापर्यंत येईल. शिवे, संमती मलाही विचार. समाधीपाशी बस आणि मोठ्याने सांग. मला कमी ऐकू येते.

स्थळ: बेंबळी. दि. १४ ऑक्टोबर २०२५
सही: महालिंगप्पा शिवप्पा बिराजदार

साक्षीदार:
डॉ. सोमेश महांतप्पा कोरे, धाराशिव
धोंडीबा एकनाथ सुरवसे, बेंबळी (बांधाबाबतची हरकत कायम ठेवून सही केली असे.)