पाण्याशी पाण्याची ओळख

प्रिय ताई,

धाकटीचा वाकून नमस्कार. (तुझा गुडघा धड होईपर्यंत घराण्यातलं वाकण्याचं काम मीच बघते.) दुखणं कसं आहे? व्यायामाचा कागद फ्रिजवर लावून ठेवला म्हणजे व्यायाम झाला, असं समजू नकोस. मी तुला ओळखते. भावोजींना नमस्कार सांग. इकडे सगळे खुशाल आहेत. सगळे म्हणजे आम्ही दोघं, बाबा आणि आठ मासे.

तुझ्या गुडघ्यापायी बाबा एकाएकी इकडे आले, ते रुळले का, असं तू विचारलंस. सांगते, पण आधी मासे. (लावलास ना कपाळाला हात? शाळेत काय झालं असं आई विचारायची, तेव्हाही मी रस्त्यात कुत्रं दिसलं तिथपासूनच सुरुवात करायचे.) मागच्या पत्रात मी जे रडगाणं गायलं ते खोटं नव्हतं गं. बाबांनी पहिले चार दिवस 'हो', 'नको' आणि 'चालेल' या तीन शब्दांवर काढले. त्यांच्यासाठी कपाटातला एक अख्खा कप्पा मी रिकामा केला होता, पण बॅग दाराशीच उभी. तिच्यातून एक सदरा निघायचा, धुऊन वाळला की घडी होऊन परत तिच्यातच जायचा. आपल्याच घरात आपला बाप पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसलेला बघवत नाही. म्हणून लिहिलं की सहा वर्षं तुझ्याकडे राहिलेला माणूस माझ्याकडे टिकायचा नाही, येऊन घेऊन जा. त्यावर 'रविवारी येते न्यायला' असं तुझं दोन ओळींचं उत्तर. असो.

तर आमचे हे. माणूस मनाचा मोठा, पण कांदा चिरायच्या आधी फोडणी टाकणारा. बैठकीत आमची ती काचेची पेटी आहे ना, तिच्यात गेली तीन वर्षं एकच जाडजूड मासा राहतो. कोपऱ्यात स्थिर राहून सगळ्यांकडे नापसंतीनं बघतो, म्हणून त्याला आम्ही चेअरमन म्हणतो. बाबांचं मन रमावं म्हणून हे शनिवारी दुपारी दुकानातून सात नवे चिमुकले मासे घेऊन आले. पायातले बूटही काढले नव्हते. पिशवीचं रबर सोडून ती पेटीवर उलटी करणार, एवढ्यात खुर्चीतून आवाज आला, "थांबा! अहो जावईबापू, खून करताय का?"

ताई, चार दिवसांतलं हे पहिलं पूर्ण वाक्य! मी स्वयंपाकघरातून पळत आले, तर बाबा उभे आणि हे पिशवी छातीशी धरून गुन्हेगारासारखे. पुढचं तुला सांगायला नको. ज्या माणसानं चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासलं, त्याच्यासमोर कुणी एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात धाडकन टाकणार? (माझ्या लग्नाच्या बोलणीत बाबांनी मुलाचा पगार विचारला नाही, घर बघितलं नाही. घोटभर पाणी तोंडात घोळवलं आणि 'हलकं आहे, हरकत नाही' म्हणाले. त्या एका घोटावर मी वीस वर्षं संसार करते आहे.)

बाबांनी ताबा घेतला. पिशवी बंदच ठेवून पेटीत तरंगत सोडली आणि कपड्यांच्या चिमट्यानं कडेला अडकवली. आधी ऊब सारखी होऊ दे, म्हणाले. माशांना उजेडाचा त्रास नको म्हणून पेटीचा दिवा बंद, मग बैठकीचा बंद, पडदे ओढलेले आणि टीव्ही गप्प. (त्यावर मॅच चालू होती. यांच्या चेहऱ्याचं वर्णन करत नाही.) वीस मिनिटांनी पिशवी उघडली. पेटीतलं पाणी एका तांब्यात काढून ठेवलं आणि दर दहा मिनिटांनी त्यातलं एक कप पिशवीत घालायचं. पिशवी भरली की अर्धं पाणी उपसून बाहेर टाकायचं आणि पुन्हा कप सुरू. "पाण्याला पाणी ओळखू द्या," बाबा म्हणाले. "माशाला घाई नसते. घाई दुकानातून आणणाऱ्याला असते." हा टोमणा गिळून यांनी पुढचा कप ओतला.

हे तासाभरात उरकतं म्हणे. आमच्याकडे तीन तास लागले, कारण बाबांचा विश्वास घड्याळावर नाही, जिभेवर. त्यांनी पेटीतल्या पाण्यात बोट बुडवून चाटलं, मग पिशवीतल्या. मी किंचाळले. "जुळलं नाही अजून," ते शांतपणे म्हणाले. मधल्या वेळात अंधारात बसून त्यांनी यांना टाक्यांच्या, गळक्या नळांच्या, एका साहेबाला गढूळ पाणी पाजल्याच्या गोष्टी सांगितल्या. त्यातल्या निम्म्या मीही कधी ऐकल्या नव्हत्या. शेवटी चहा हवा झाला. हे उठले, काळोखात चाचपडून हाताला लागला तो तांब्या उचलला आणि चहा केला. बाबांनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "जावईबापू, चहा पेटीतल्या पाण्याचा आहे." आम्ही दोघांनी तोवर अर्धा अर्धा कप संपवला होता गं! मी मोरीकडे धावले. बाबा मात्र पिशवीत बोट बुडवून पुन्हा जीभ लावत होते. "जुळलं. हीच चव. सोडा आता," म्हणाले आणि जाळीनं एकेक मासा उचलून स्वतःच आत सोडला.

सातही जगले. फक्त सगळ्यांत धाकट्याला चेअरमननं कोपऱ्यात कोंडलं. रात्री बाबा जेवता जेवता तीनदा उठून बघून आले. "लपायला जागा हवी त्याला. नव्या जागेत आधी लपायलाच जागा लागते," एवढंच म्हणाले आणि बोटं चाटत राहिले.

पत्र लांबलं. तब्येतीला जप.

तुझी,
धाकटी

ता. क. बाबा रुळले का, ते सांगायचं राहिलंच. काल मी कामावरून आले, तर कपाटातल्या कप्प्यात बाबांचे सगळे सदरे कसेबसे कोंबलेले. धाकट्या माशासाठी दगड आणि पाणवनस्पती आणायला ते एकटे चालत दुकानात गेले होते आणि एवढं ओझं मावेल अशी घरात त्यांची बॅगच होती. ती आता गच्चीत उलटी वाळते आहे. वास असा मारते की तिच्यात कुणी पुन्हा कपडे भरेल असं वाटत नाही.

ता. क. २. म्हणून मागचं पत्र फाडून टाक आणि रविवारी न्यायला येऊ नकोस. भेटायला ये. गुडघ्याला परवडेल तेवढेच जिने चढ, पण ये.

ता. क. ३. येताना तुमच्याकडच्या नळाचं पाणी मोठ्या बाटलीत भरून आण. बाबांची मागणी आहे, माझी नव्हे. रोज एक कप पिणार आहेत. म्हणाले, "माशांना निदान तीन तास दिलेत. मला तर तुम्ही दोघी बहिणींनी एकदम ओतलंत."