आई भातलावणीचं गाणं गायली

रविवार, उरवडे

अजून अंगावर काटा आहे. अर्धांगवायू झाल्यापासून आईच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. आज वहिनी भांडी घासताना भातलावणीचं गाणं गुणगुणत होती, आईनंच शिकवलेलं. आणि पुढची ओळ आईनं म्हटली! स्वच्छ, सुरात.

वहिनी ओल्या हातानं धावत आली. "आत्या, तुमी गाताय?"

आई बोलायला गेली, तर नुसता घोगरा आवाज. मग मीच ती ओळ परत धरली. लहानपणी चिखलात तिच्यामागं रोपं घेऊन फिरायचो, तेव्हा ती गाण्यात आमची नावं गुंफायची. आजही गुंफलं. "माझा दत्तू," म्हणाली, स्वच्छ. बोलता येत नाही, मग हे कुठून आलं?

वहिनी म्हणाली, "भावजी, रडताय काय? पुढचं म्हना की!"

म्हटलं. अंधार पडेपर्यंत म्हटलं.