गॅस खालीच बसतो

३ मे
सिलिंडर गेला, पाइपचा गॅस आला. फिटर फार लवकर आटोपून गेला. घाईच्या कामात पाणी मुरतं. शिवाय जाताना हसला. मीटरपासून शेगडीपर्यंत सगळे जोड स्वतः पाना लावून पुन्हा आवळले. छताजवळच्या जोडाला अर्धा फेरा जास्तच. पितळ जरा कुरकुरलं. आता मुंगी शिरणार नाही.
संकल्प: गॅस लीक डिटेक्टर आणणे.

५ मे, संध्याकाळी
दुकानदाराचा पहिलाच प्रश्न: सिलिंडर की पाइप? तिथेच संशय आला. म्हणे सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली बसतो, तिथे डिटेक्टर जमिनीलगत. पाइपचा हलका, वर चढतो, तिथे छताखाली. गॅस काय भाडेकरू आहे, आपापला मजला निवडायला? खोदून विचारल्यावर कबूल झाला की हाच डिटेक्टर दोन्ही गॅसना चालतो. मग वर-खालीचा घोळ कशाला? निघताना कोपऱ्यात विकायला ठेवलेल्या शिड्या दिसल्या. सगळं लक्षात आलं.

६ मे
डिटेक्टर बसवला. जमिनीपासून वीतभर, लेव्हल लावून. चाचणी: सिगारेटचा लायटर न पेटवता त्यातला गॅस खाली सोडला. असा किंचाळला की आतून आईनं विचारलं, कोण आलंय? सिद्ध झालं, गॅस खालीच बसतो. ही म्हणाली, अहो, आपण लायटरवर स्वयंपाक करत नाही. शास्त्रात हिला गती नाही.

१० मे
ही म्हणते स्वयंपाकघरात वास येतो. डिटेक्टरचा दिवा हिरवा. नाक खरं की यंत्र? मी यंत्राच्या बाजूनं. तरी पालथा पडून फरशी हुंगली. फिनेल. संशय: खालच्या मजल्यावरचा रंगारी. थिनर वापरतो आणि जिन्यात नजर चुकवतो.

११ मे
रंगाऱ्याला गाठलं. तो म्हणाला, काका, महिनाभर हाताला काम नाही, थिनर कुठला? उत्तर तयारच होतं. म्हणजे आधी ठरवलेलं.
आई ओट्याजवळ खुर्ची टाकून भाजी निवडत बसते. म्हणाली, डोकं जड होतंय रे. संकल्प: आईचा चष्मा तपासून घेणे.

१२ मे, दुपारी
हिनं शेगडी पेटवायचं बंद केलं. सासूबाईंना इथे बसवून काडी ओढायची माझी छाती नाही, म्हणाली. कंपनीला कळवते, म्हणाली. मी म्हटलं, बघ, दिवा हिरवा आहे. ती म्हणाली, दिव्याला जीव नाही, त्यांना आहे. नंतर भावाशी फोनवर हळू आवाजात बोलत होती. कट शिजतोय. घरात सध्या तेवढंच शिजतंय.
पाव खाल्ला. कोरडा.

१३ मे
अंघोळीत असताना डिटेक्टर बोंबलला. वाटलं, बॅटरी गेली. साबण तसाच ठेवून बाहेर आलो. ही स्टुलावर उभी, डिटेक्टर उपटून छताला टेकवलेला. मग तीच उतरली, मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद केला, खिडक्या सताड उघडल्या, दिव्याच्या बटणाला हात लावू नका म्हणून मला दटावलं. आई खाली रंगाऱ्याच्या खुर्चीवर. त्यानं तिला पाणी दिलं. मी टॉवेलवर.
कंपनीकडून पुन्हा तोच फिटर आला. जोडांना साबणाचा फेस लावला. छताजवळच्या जोडावर बुडबुडे. नट तडकलेला. यावर पाना कोणी चालवला, त्यानं विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. रंगाऱ्यानंही. मी म्हटलं, हल्ली पितळ हलकं येतं.
या वेळी फिटर हसला नाही. ते जास्त लागलं.

१४ मे
नवा नट येईपर्यंत गॅसला सील. आईचं डोकं उतरलं. दुपारी मेहुणा विजेची शेगडी घेऊन आला. दारातच विचारलं, कुठं ठेवू? ओट्याची उजवी बाजू योग्य, प्लग जवळ, वारा नाही. दाखवायला मी बोट उचललं.
तो ताईकडे बघत होता. आईसुद्धा.
बोट वर गेलंच होतं, तर डोकं खाजवलं.