मुबांगाला बाहेर का काढलं

लुफुंगा खाणवस्ती,
४ जुलै १९९८

ती. चोलावहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

कासामाला गेल्यापासून तुमची एकच चिठ्ठी आली, तीही तिथल्या थंडीबद्दल. तुम्ही नीट जेवता का, हे तुमच्या बहिणीला विचारून कळवा. या बाबतीत तुमच्या शब्दावर माझा भरवसा नाही.

इकडे आपल्या लुफुंगा स्टार्सला पन्नास वर्षं झाली. मैदानावरच्या स्टँडला नवं छप्पर घातलंय आणि त्याला क्लबच्या सगळ्यात मोठ्या प्रशिक्षकाचं नाव द्यायचं ठरलंय. कोणाचं, ते सभासद हात वर करून ठरवणार. झालं, तेव्हापासून गुत्त्यात बिअर निवते पण वाद निवत नाही. नावं दोनच : सिकाझ्वे आणि आपला चिसेंगादादा.

सिकाझ्वेंच्या बाजूचे म्हणतात, तीन वेळा लीग जिंकून दिली, आणखी काय हवं? मी म्हणतो, त्यांच्या वेळी खाण पैसा ओतत होती, मुफुलिरापासून लिव्हिंगस्टनपर्यंत कुठलाही गडी उचलून आणत होते. दादाला मिळाली ती रात्रपाळी करून आलेली, डोळे चोळणारी पोरं. त्यांना घेऊन तो कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. पण तिथंच माझं तोंड बंद होतं. शहात्तरचा तो सामना, एक-एक अशी बरोबरी, गोल करणारा मुबांगा मैदानात, आणि दादानं नेमकं त्यालाच बाहेर बोलावलं. पुढं आपण हरलो. बावीस वर्षांत दादाचं नाव निघालं की लोक आधी तेच काढतात. चान्सा शिंपी तर म्हणतो, चिसेंगा घाबरला, बरोबरी राखायला निघाला आणि होतं तेही घालवलं.

वहिनी, जाण्याआधी दादा याबद्दल तुम्हाला काही बोलला होता का? सभेत तुम्ही येऊन दोन शब्द सांगितलेत तर फरक पडेल. बसचं मी बघतो. धाकट्याचा आग्रह मोडू नका.

तुमचा,
कापासा


कासामा,
१५ जुलै १९९८

चि. कापासाभावोजींस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. जेवते. बहीण मक्याच्या पिठाची नश्शिमा वाढते, मी ताट रिकामं करते. चवीचं विचाराल तर सांगता येणार नाही.

सभेला येत नाही. रागावू नका. इथं लोक भेटायला येतात, माझा हात धरून बसतात आणि मला वाटतं, हा हात दुसऱ्याच कोणा बाईचा आहे, तिला बिचारीला एवढा वेळ अवघडून बसावं लागतंय. अंत्यविधीला सगळे रडले, मी पाहुण्यांना पाणी पुरतंय का ते बघत होते. अजूनही तसंच आहे. दुःख होत नाही, काहीच होत नाही. डॉक्टरांना दाखवायचं तर दुखतंय कुठं, ते सांगता यायला हवं.

वादाचं म्हणाल तर सिकाझ्वेंचं नाव द्या. तीन लीग म्हणजे तीन लीग. शिवाय ते रविवारी वेळेवर घरी जात, असं त्यांची बायको सांगायची. तुमच्या दादाबद्दल मला कोणी विचारलं असतं तर त्या एका कारणानं मी त्यांच्याविरुद्ध मत दिलं असतं.

मुबांगाला का बाहेर काढलं, ते मला ठाऊक आहे. पण ते सांगायचा हक्क माझा नाही. तुमच्या दादांनी चान्सा शिंप्याचं बोलणं बावीस वर्षं ऐकून घेतलं, कपडेही त्याच्याकडेच शिवले. तुम्हीही ऐकून घ्या.

जाऊबाईंना आणि मुलांना आशीर्वाद. माझ्यासाठी जिवाला घोर लावून घेऊ नका.

वहिनी


लुफुंगा खाणवस्ती,
२ ऑगस्ट १९९८

ती. चोलावहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

सभा काल झाली. एक कबूल करतो. तुमचं पत्र आल्यावर मी मुबांगाच्या घरी गेलो आणि सांगितलं, वहिनीला कारण माहीत आहे, पण ती बोलणार नाही म्हणते. त्याने मला बसायलाही सांगितलं नाही. मी समजलो, इथं काही हाती लागत नाही.

काल सभेत चान्सानं पुन्हा तेच काढलं. तेव्हा मागच्या बाकावरून मुबांगा उठला. आता पुरता पिकलाय, काठी घेऊन चालतो. पुढं यायला त्याला वेळ लागला. म्हणाला, त्याला तरुणपणापासून फिट यायची. कोणाला कळू दिलं नव्हतं, कारण कळलं असतं तर खाणीनं त्याच दिवशी नोकरी आणि घर दोन्ही काढून घेतलं असतं. फिट यायच्या आधी त्याची डावी मूठ आपोआप वळायची, हे फक्त दादाच्या लक्षात आलं होतं. त्या सामन्यात मूठ वळलेली दिसली आणि दादानं त्याला मैदानाबाहेर बोलावलं. कपडे बदलायच्या खोलीचं दार लावून दादा त्याचं डोकं मांडीवर धरून बसला. आपल्यावर दुसरा गोल झाला तेव्हा दादा मैदानाकडे बघतही नव्हता. स्टँडमध्ये खाणीचे साहेब बसले होते. पुढं गुडघ्याचं निमित्त सांगून दादानंच त्याची बदली भुयारातून वर, कामगारांना दिवे वाटायच्या खोलीत करून घेतली.

शेवटी म्हणाला, “चिसेंगानं मला त्या दिवशी बाहेर काढलं नसतं, तर खाणीनं काढलं असतं. माझी चार पोरं त्या पगारावर शिकली. तुम्हाला कप हवा होता, ते मला समजतं.”

मग हात वर झाले. वहिनी, सिकाझ्वेच जिंकले, आणि बऱ्याच फरकानं. चान्सानं तर दोनदा हात वर केला, म्हणून त्याला दटावावं लागलं. म्हणे, माणूस मोठा असेल, पण सामना तो हरलाच. दादासाठी थोडे हात उठले. त्यांतला एक खुद्द सिकाझ्वेंचा होता. त्यांना आता ऐकू कमी येतं, त्यामुळे तो चुकून उठला की मुद्दाम, कळलं नाही. विचारायचं धाडस कोणाला झालं नाही.

मला वाईट वाटलं. दादाच्या तोंडून हे एकदाही निघालं नाही, सख्ख्या भावाकडेही नाही, याचं जास्त वाटलं.

पाटी बसवतील तेव्हा सामना आहे. तुम्हाला बोलवायला मला आता तोंड नाही, तरी बोलावतो.

कापासा


कासामा,
१३ ऑगस्ट १९९८

चि. कापासाभावोजींस,
आशीर्वाद.

तुमचं पत्र वाचलं, घडी करून उशाशी ठेवलं आणि कांदा चिरायला बसले. वाटलं होतं, आता तरी रडू येईल. कांद्यानं आलं तेवढंच.

मुबांगाला माझा नमस्कार सांगा. त्याच्याकडे जाऊन तुम्ही चूक केलीत असं मी म्हणणार नाही. तुमच्या दादांनी तुम्हाला का सांगितलं नाही, तेही मनात धरू नका. तुम्हाला सांगितलं असतं तर पहिल्याच बिअरला तुम्ही चान्साला सुनावलं असतंत. त्यांना तुम्ही चांगले ठाऊक होतात.

निकाल बरोबर लागला. पण मी दोन दिवस विचार करत राहिले ते चान्साच्या हाताचा. दोनदा वर केला म्हणता. इथं, भावोजी, पाच महिन्यांत माझ्यासमोर कोणी त्यांचं नाव घेतलेलं नाही. मी खोलीत आले की बोलणं मक्याच्या भावावर जातं. सगळे जपतात मला. आणि तिकडे भरल्या सभेत एक माणूस त्यांच्यावर इतका चिडलेला आहे, की जणू ते काल सायंकाळीच सामना हरून घरी आलेत.

मी येते. शनिवारच्या बसनं निघेन, बसस्टँडवर घ्यायला या. पाटीच्या छपराखाली मला बसवू नका. जिथं वाद चालतो त्या उघड्या बाजूला, चान्साच्या शेजारी जागा धरा. आणि तो सुरू झाला की त्याला डोळ्यांनी खुणा करून गप्प करू नका. शिव्या का देईना, नाव तर घेईल. मीही त्याला चार शब्द सुनावेन म्हणते. बघू, जमतंय का.

जाऊबाईंना सांगा, माझ्यासाठी वेगळं काही रांधू नका. तुमची माया पोचते आहे, ती अशीच पाठवत राहा.

वहिनी