चाळीस सुना आणि एक हार्ड डिस्क

२८ सप्टेंबर, रविवार

अंघोळ करून, सोवळ्यात असल्यासारखं ह्यांचं हार्ड डिस्कचं कर्मकांड! आमच्या लेकाने, नीलने कळव्याहून आणून दिलेली ती काळी डबी कॉम्प्युटरला जोडायची, अकरा वर्षं खपून लिहिलेल्या कुलवृत्तांताची प्रत तिच्यात उतरवायची. मग डबी रुमालात गुंडाळून कपाटात, माझ्या बांगड्यांशेजारी. बांगड्यांची एवढी काळजी कधी केली नाही!

पुन्हा सांगून बघितलं — घराण्यातल्या चाळीस सुनांची माहेरची नावंही घाला ना. मी लग्नाआधी मंदाकिनी होते. "तशी पद्धत नाही, सुहासिनी." झालं! चाळीस वर्षं हेच ऐकतेय.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

पूजेला मांडलेल्या वस्तूंना आज विश्रांती हवी, म्हणून ह्यांनी कॉम्प्युटर भिंतीवरच्या बटणानेच बंद केला. पडद्यावर ढळढळीत लिहिलेलं — अपडेट चालू आहे, बंद करू नका. मी ओरडले. "अगं, मुहूर्त टळेल!" वर हळदकुंकू, झेंडू.

२ ऑक्टोबर, दसरा

कॉम्प्युटर सुरूच होत नाही! सोमवारी फाइल छापखान्यात द्यायचीय. डबीतली प्रत उघडायला दुसरा कॉम्प्युटर नाही, आणि डबी कुणाच्या हाती द्यायला हे तयार नाहीत. ह्यांनी श्रीखंडाला हात लावला नाही. आधी हसू आलं, मग चेहरा बघून वाटी आत नेऊन ठेवली.

३ ऑक्टोबर

हे सकाळीच डोंबिवलीहून ठाण्यातल्या खोपटला, दुरुस्तीवाला शोधायला. मी नीलला फोन लावला. "आई, त्या डिस्कवरूनच कॉम्प्युटर सुरू होईल. मी सोय करून ठेवलेली. ती जोड, बटण दाबल्यावर एफ-बारा दाबत राहा, यादीत डिस्कचं नाव निवड."

चौथ्या खेपेला झालं! मी केलं — जिच्या हातात टीव्हीचा रिमोट देत नाहीत! रविवारपर्यंतचं सगळं शाबूत.

हे घामाघूम होऊन परत आले. दुरुस्तीवाला सुट्टीवर. पडदा बघून मटकन खुर्चीत बसले, डोळे भरून आले. मलाही गलबलून आलं. पण तोवर माझ्या नावापुढे मी 'माहेरची मंदाकिनी' टाइप केलेलं.

"हे काय?"

"बॅकअपही घेतलाय," म्हटलं.

चष्मा पुसून माझी ओळ दोनदा वाचली. मग विचारलं, "बाकीच्यांची कशी मिळवणार?"

४ ऑक्टोबर

दिवसभर फोन! मी विचारतेय, हे टाइप करतायत. ज्या गेल्या त्यांची नावं त्यांच्या लेकींना विचारली. एकोणचाळीस झाली.

राहिल्या कल्याणच्या मोठ्या जाऊबाई, इंदिरावहिनी. नव्वदीच्या. विचारलं तर म्हणाल्या, "थांब गं... चौदाव्या वर्षी लग्न झालं. त्यानंतर त्या नावाने कोणी हाकच मारली नाही."

फोन ठेवल्यावर आम्हा दोघांनाही जेवण जाईना.

५ ऑक्टोबर

सकाळी सहालाच कल्याणहून फोन.

"द्वारका! अगं, द्वारका होते मी!"